‘येतो’चं इंग्रजी

२ सप्टेंबर, सोमवार

पर्मनंट मार्कर! पांढऱ्या फळ्यावर पर्मनंट मार्करनं ‘माय नेम इज’ लिहिलं आणि पुसायला गेलो तर हलेना. रुमाल घासला, थुंकी लावली, शेवटी शर्टाची बाही. मागे सहा माणसं खुर्च्यांत बसून बघतायत. त्यांतली चार माझ्याहून वयानं मोठी. खाली टायरचं दुकान आहे, तिथलं हवा भरायचं मशीन नेमकं तेव्हाच फुस्स करून सुटलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी आणि इंग्रजीचा मास्तर! पतपेढीत व्याजाच्या पावत्या फाडण्यात जन्म गेला. इंग्रजीशी संबंध पाचवीपासून, तोही पाठांतरापुरता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली. आत मी आणि खालच्या मजल्यावर राहणारी क्लासवाली मालकीणबाई. मी लिफ्टच्या कंपनीशी फोनवर इंग्रजीतून भांडलो. घाबरलो की मला भांडता येतं. बाहेर आल्यावर तिनं या देशाच्या भाषेत, मला कळेल असं सावकाश विचारलं, शिकवाल का? तिचा आधीचा मास्तर वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर पळाला होता. अनुभव आहे ना, म्हणाली. मी मान हलवली. आपली ती मान — धड हो नाही, धड नाही नाही. तिनं ‘हो’ धरलं. मी धरू दिलं.

का धरू दिलं? सासऱ्यांमुळे. दर फोनला विचारतात, "मग जावईबापू, दिवस कसा जातो तुमचा?" हिला इथे परदेशात हॉस्पिटलात नोकरी लागली, मी पतपेढी सोडून मागोमाग आलो. भांडी घासतो, कपडे वाळत घालतो, हिचा डबा भरतो. करायची लाज वाटत नाही. सांगायची वाटते.

तास संपेपर्यंत पाठ ओली. पिशवी उचलली, दारात वळलो आणि तोंडातून गेलं — "ओके, आय कम!"

सगळे क्षणभर बघत राहिले. मग एकेक जण हात हलवून म्हणायला लागला. आय कम. आय कम.

जिन्यात डोक्यात प्रकाश पडला. मी ‘येतो’ म्हणालो होतो! "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं" हे आईनं चापट मारून शिकवलेलं. इतकं मुरलंय की इंग्रजीतही तेच आलं. आणि ती बिचारी माणसं त्याला इंग्रजीतला निरोप समजून बसली.

उद्या पहिलं काम हेच. दुरुस्त करायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार

केलं नाही.

करणार होतो. पण वर्गात शिरतो तो सगळे उभे राहिले आणि मालकीणबाई दारात उभी. "पहिल्याच दिवशी वाक्य बोलायला लावलंत! आधीचा मास्तर महिनाभर नुसती अक्षरं गिरवत होता." तिच्यादेखत काय सांगू? की हे इंग्रजी नाही, माझ्या आईची चापट आहे?

सुटताना सगळे एका सुरात — आय कम, टीचर! मीही म्हणालो. हसून.

५ सप्टेंबर, गुरुवार

फळ्यावर अजून ‘माय नेम इज’. पुढे नाव नाही. तसंच ठेवलंय. आता रोज एकेकाला तिथं उभं करून नाव सांगायला लावतो. मालकीणबाईला ही शिकवायची पद्धत वाटते.

९ सप्टेंबर, सोमवार

हिला सांगितलं. जेवताना. घास तोंडात असतानाच हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "अरे, सांगून टाक ना उद्या. फाशी देणारेत का?"

हिचं बरं आहे. हीसुद्धा मराठी मीडियमचीच. पण वॉर्डात बिनधास्त मोडकंतोडकं बोलते आणि लोक हिचं ऐकतात. म्हणाली, "शाळेची लाज तूच काखोटीला मारून फिरतोस. दुसऱ्या कुणाला दिसतही नाही ती."

सांगेन. पण आता उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर चूक म्हणाले असते. आता आठवडाभर रोज स्वतःच म्हणतोय. आता त्याला चूक म्हणत नाहीत.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज शिंपीणबाईबद्दल कळलं. पहिल्या रांगेत बसते ती. कोपऱ्यावर तिचं कपडे उसवून-शिवून द्यायचं दुकान आहे. साठीची असेल. टेप गळ्यातच असते, वर्गातही. बोलताना ती टेप दोन्ही हातांनी ओढून धरते. मला वाटत होतं या वयात हिला इंग्रजी कशाला.

मालकीणबाईनं सांगितलं. मुलगा दुसऱ्या देशात, तिथलीच सून, एक नात. नातीला फक्त इंग्रजी येतं. मुलगा आईशी बोलत नाही. बाई त्याच्या लग्नाला गेली नव्हती. त्यानं ये म्हणून सांगितलं होतं, तिकीट पाठवलं होतं, तिनं परत पाठवलं. तोंडावर नाही म्हणाली. ‘माझ्या मुलाचं लग्न माझ्या दारात होईल तर येईन.’ झालं. एक घाव दोन तुकडे. आता सून मधे पडलीय. भली पोर दिसते. या महिन्यात एका रविवारी नातीला कॅमेऱ्यासमोर बसवते म्हणालीय. बाईकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून बोलणं क्लासच्या ऑफिसातून.

आणि ही बाई आजवर न पाहिलेल्या नातीशी बोलायला इंग्रजी शिकतेय. कुणाकडून? माझ्याकडून!

वासरात लंगडी गाय शहाणी, एवढंच माझं शहाणपण, आणि त्यावर कुणाचं आयुष्य टांगलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पुस्तकातला धडा — क्रियापदं. सिट, स्टँड, गो, कम. टाळता येईना. ‘कम’ला हात जवळ ओढून दाखवला, ‘गो’ला लांब ढकलला. आता कुणीतरी विचारणार, मग आपण रोज सुटताना असं का म्हणतो? ड्रायव्हरनं — तो हॉटेलच्या पाहुण्यांना गाडीतून नेतो-आणतो — शिंपीणबाईकडे बघितलं. तिनं वहीकडे बघितलं. कुणी काही विचारलं नाही.

सुटलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुटताना पुन्हा तेच. आय कम, टीचर. आज जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले असं वाटलं. माझा भास.

१६ सप्टेंबर, सोमवार

रविवार ठरला. येता.

तासानंतर शिंपीणबाईला थांबवून तयारी करून घेतली. तू काय खाल्लंस? दप्तर दाखव. तुझी मैत्रीण कोण? ती प्रत्येक वाक्य टाका घातल्यासारखं म्हणते, मागं वळून पुन्हा घट्ट करते. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणते. आमच्या शाळेत आम्हीही तेच म्हणायचो! मी ते चालू दिलं. उगाच जीव लागला.

शेवटी तिनं विचारलं, आणि निघताना? तिनंच उत्तर दिलं, "आय कम."

तेव्हा सांगायला हवं होतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो, मालकीणबाई खाली गेलेली. यापेक्षा चांगली वेळ कोणती असणार? मी म्हणालो, "गुड."

लेखणी इथं थांबवावीशी वाटतेय. लाज वाटते असं लिहिणंही आता ढोंग वाटतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आईचा फोन. शेजारपाजारच्यांना सांगत सुटलीय की पोरगा परदेशात इंग्रजी शिकवतो. मी म्हटलं, अगं साधा क्लास आहे. तर म्हणे, "असू दे रे. गुरुजी तो गुरुजीच."

सासरेही आज विचारायचे थांबले. "प्रोफेसरसाहेब" म्हणाले! आनंद व्हायला हवा होता.

२२ सप्टेंबर, रविवार

झालं बोलणं. मी काचेच्या पलीकडे उभा होतो. मालकीणबाईनंच बोलावलं होतं — अडली तर मदत करा.

अडली नाही. नात पडद्यावर आली, पुढचा दात पडलेली. शिंपीणबाईनं आधी नुसतं बघितलं. टेप ओढून धरलेली. मग प्रश्न सुरू. तू काय खाल्लंस? पोरगी सांगत होती, बाईला काय कळत होतं देव जाणे, पण प्रत्येक उत्तराला मान डोलावत होती. दप्तर दाखवून झालं. एक मांजर दाखवून झालं. मग सून मागून काही बोलली, वेळ संपत आली असावी.

शिंपीणबाई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली —

"आय. कम."

पोरगी थबकली. डोळे मोठे झाले. काहीतरी ओरडली आणि खुर्चीवरून उडी मारून पळाली. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची. लांबून तिचा आवाज येत होता, डॅडी, डॅडी.

शिंपीणबाई बाहेर आली. चेहरा असा की मला तिच्याकडे बघवेना. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. बोटं सुयांनी खरखरीत झालेली. "टीचर," एवढंच म्हणाली.

आणि मी? मी तेव्हाही गप्प! पोरगी बापाला सांगायला पळाली की आजी येणार आहे. न येणाऱ्या आजीची ती वाट बघत बसणार. एका लहान पोरीला मी फसवलंय. तेही हाताची घडी घालून, काचेआडून बघत.

२३ सप्टेंबर, सोमवार

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "किती दिवस स्वतःला कुरतडणार आहेस?"

२४ सप्टेंबर, मंगळवार

शिंपीणबाईनं पिशवी दिली. आत माझी काळी पँट. गेल्या आठवड्यात हिनं कंबर ढिली करायला टाकली होती. बाईनं पैसे घेतले नाहीत, वर घासलेल्या कडांना आतून अस्तर लावून दिलं. हिला म्हणाली म्हणे, तुमच्या नवऱ्यानं माझं मोठं काम केलं.

पँट कपाटात टाकली. घालवत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज नक्की सांगणार होतो. फळ्यापाशी उभा राहून तोंड उघडलं, तर शिंपीणबाईनं आधी हात वर केला. विचारते, "थंडी" ला काय म्हणतात? मग "विमानतळ". मग "उशी". मी शिकवले ते शब्द. म्हटलं नातीशी गप्पा मारायला हवे असतील.

सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं नाही. मी राहू दिलं. रोजनिशीत तरी खरं लिहावं.

२९ सप्टेंबर, रविवार

आज मोकळा झालो!

दुपारी मालकीणबाईचा फोन — लगेच ऑफिसात या. गेलो तर पडद्यावर शिंपीणबाईचा मुलगा. केस विरळ झालेले, कपाळाला आठी, तोंड थेट आईचं. त्याला आईशी नाही, मास्तराशी बोलायचं होतं. मालकीणबाई माझ्या खांद्यामागे उभी.

तो इंग्रजीतून बोलला. स्वच्छ, खऱ्या इंग्रजीतून. आई माझ्या मुलीला म्हणाली की मी येतेय. मुलगी आठवडाभर दुसरं काही बोलत नाही. आपल्या खणातले निम्मे कपडे काढून आजीसाठी जागा केलीय तिनं. आई मला स्वतःहून काही सांगायची नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही तिचे टीचर. तुम्हाला काही म्हणाली का? खरंच यायचं म्हणतेय का ती?

त्याच्या आठीकडे बघितलं आणि मला कळलं की बाई अडचणीत आलीय. माझ्यामुळे. मागे मालकीणबाई होती, नोकरी होती, प्रोफेसरसाहेब होते. म्हटलं, गेलं खड्ड्यात सगळं.

सांगितलं. सगळं. की चूक तिची नाही, माझी आहे. आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. ते मी तसंच्या तसं इंग्रजीत शिकवलं, कळल्यावरही भित्रेपणानं दुरुस्त केलं नाही. तुमच्या आईला वाटतं त्याचा अर्थ निरोप घेणं एवढाच. तिला यायचंबियचं काही म्हणायचं नव्हतं. कृपा करून तिला बोल लावू नका. मला कसलाही अनुभव नाही, हेही सांगून टाकलं.

आयुष्यात पहिल्यांदा एकदाही न अडखळता इंग्रजी बोललो. एक शब्द शोधावा लागला नाही.

त्याच्या कपाळाची आठी गेली. मग म्हणाला, "असं होय." थोड्या वेळानं, "बरं. मुलीला मी समजावतो." थँक यू म्हणाला आणि पडदा बंद झाला.

मालकीणबाईकडे वळलो. वाटलं, हाकलणार. ती म्हणाली, "अनुभव नाही हे मला पहिल्याच दिवशी फळ्यावर दिसलं होतं." मग म्हणाली, "आता तरी गुडबाय शिकवा."

घरी येऊन हिला सांगितलं. हिनं पाठीवर थाप मारली. "शाबास. जेव आता." दोनदा वाढून घेतलं. काळी पँट काढून घातली, आरशात बघितलं. बरी दिसते.

३० सप्टेंबर, सोमवार

गुडबाय शिकवलं. आधी उभा राहून कबूल केलं, ‘आय कम’ चूक होतं, मला कळलेलं होतं, तरी मी सांगितलं नाही. मान खाली घालून बोललो.

कुणाला धक्का बसला नाही. ड्रायव्हर खाकरला. म्हणाला, "टीचर, ते आम्हाला कळलं होतं. पण तुम्ही इतकं हसून म्हणायचात." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कान तापले. सगळे मला सांभाळून घेत होते आणि मी त्यांच्यापासून लपवत होतो! लाज वाटली, पण या लाजेत बरंही वाटलं. एवढी माणसं माझ्यासाठी रोज चुकीचं बोलत होती.

शिंपीणबाई आली नव्हती. उद्या दुकानात जाऊन तिला सगळं सांगतो. तुझ्या मुलाची समजूत घातली, आता काळजी नको.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो. ती जाड कोट उसवत बसली होती. थंड मुलखात घालतात तसा. तिच्याच मापाचा. मी सांगायला सुरुवात केली, तिनं हातानं थांबवलं. सुनेचा फोन आला होता, म्हणाली. मुलानं तिच्यासाठी खोली रंगवायला काढली होती.

मग दोऱ्यावरची नजर न काढता, मला समजेल अशा सावकाश शब्दांत — "अर्थ ठाऊक होता मला. येऊ का, असं विचारायला तोंड नव्हतं. म्हणून तसं म्हणाले. चूक ठरली तर तुमची ठरली असती."

मी म्हटलं, आत्ता फोन लावतो त्याला. सांगतो, मी चुकलो, तिला खरंच यायचंय.

"नको, टीचर," म्हणाली. "परवापर्यंत मी येत होते. आता मागावं लागेल."